अमेरिकेला निघताना दुखणे लपवू नका

उन्हाळा जवळ आला की विठ्ठलवाडीतील माझ्या दवाखान्यात एक संवाद हमखास घडतो. “डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला निघालो आहोत. सहा महिन्यांची औषधे लिहून द्या. आणि विम्याच्या अर्जात मधुमेह लिहायलाच हवा का हो?”

वाचकहो, लिहायलाच हवा. प्रवासी विम्यात जुन्या आजारांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. काही योजना अशा आजाराने अचानक गंभीर वळण घेतल्यासच मर्यादित रक्कम देतात. तरीही आजार लपवणे अधिक धोक्याचे, कारण तो रुग्णालयाच्या कागदपत्रांतून उघड होतो आणि सगळाच दावा नाकारला जाऊ शकतो. विमा घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आधी आपल्या खिशातून किती डॉलर भरावे लागतील, जुन्या आजारासाठी मर्यादा किती आणि वयानुसार विम्याची रक्कम घटते का.

“मुलाच्या कंपनीचा विमा आहे ना!” हा मोठा गैरसमज आहे. तो विमा सहसा पती-पत्नी व मुले यांच्यापुरताच असतो. मुलाचे ‘एचएसए’ म्हणजे आरोग्य बचत खाते असले, तरी तेही आपल्या कामी येईलच असे नाही. 2004 पासूनच्या या खात्यात विशिष्ट प्रकारचा विमा असणाऱ्यालाच पैसे ठेवता येतात. त्या पैशावर, त्याच्या वाढीवर आणि उपचारांसाठी काढलेल्या रकमेवर केंद्रीय प्राप्तिकर नाही. शिल्लक वर्षअखेरीस बुडतही नाही. मात्र हा पैसा खातेदार, जोडीदार आणि कायद्याने अवलंबित ठरलेल्यांसाठीच असतो. काही महिन्यांसाठी गेलेले आई-वडील सहसा त्यात मोडत नाहीत. त्यांच्यावर तो खर्च केल्यास मुलाला कर आणि वर 20 टक्के दंड भरावा लागू शकतो.

हे सारे ऐकून काही ज्येष्ठ एक घातक निश्चय करतात : मुलाला खर्चात पाडायचे नाही, म्हणून दुखणे सांगायचेच नाही. माझ्या एका रुग्णाने मुलाच्या घरी छातीतील कळ पित्त समजून दोन रात्री अंगावर काढली. तो हृदयविकाराचा झटका होता. बिल टळले नाहीच. हृदय मात्र कायमचे दुबळे झाले.

म्हणून छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हात-पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास त्वरित 911 हा क्रमांक फिरवावा. 1986 च्या कायद्यानुसार तेथील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला पैशांचा विचार न करता रुग्णाला तपासून प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येते. ते बाबवार मागून तपासावे. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक साहाय्याची योजना ठेवणे बंधनकारक आहे. तिची चौकशी करण्यात कमीपणा नाही. साधा ताप वा खोकला असेल, तर ‘अर्जंट केअर’ केंद्रात खर्च पुष्कळ कमी येतो.

औषधे साधारणपणे 90 दिवसांपुरतीच नेता येतात. ती मूळ वेष्टनात ठेवावीत आणि सोबत घटकनावांसह छापील चिठ्ठी असावी. त्यापुढील औषधांची सोय मुलाशी बोलून आधीच ठरवावी. निघण्यापूर्वी रक्तातील साखर, रक्तदाब, ईसीजी, दात व डोळे तपासून घ्यावेत. आणि अहवालांची एक प्रत मुलाकडे आधीच पाठवावी. आपले आजार त्याला प्रथम आपत्कालीन विभागाच्या दारात कळू नयेत.