भोंग्याची चाचणी ठरल्या दिवशी आणि लोकांसमोर व्हावी



पावसाळ्याच्या तोंडावर आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठकांच्या बातम्या दरवर्षी येतात. बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रे यांचा हिशेब त्यात असतो आणि शेवटी, ‘भोंग्यांची तपासणी करण्यात आली’ एवढे एक वाक्य असते. तपासणी कोणत्या दिवशी झाली, आवाज कोणत्या वाडीपर्यंत पोहोचला आणि तो ऐकून माणसांनी काय करायचे होते, यातले काहीही त्या वाक्यातून कळत नाही. भोंगा वाजतो एवढेच पाहणे ही अर्धी चाचणी आहे. उरलेली अर्धी चाचणी ऐकणाऱ्यांची असते आणि ती आपल्याकडे होतच नाही.

७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन अभ्यास’ या नावाने देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. महाराष्ट्रात त्यासाठी १६ ठिकाणे निवडली होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा सराव १९७१च्या युद्धानंतर पहिलाच होता. चढ-उतार करणारा आवाज म्हणजे धोका आणि एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला, हा फरक त्या आठवड्यात सर्वांनी वाचला. आज तो किती जणांना सांगता येईल? पिढ्या उलटल्यावर एकदा झालेला सराव कुणाच्या अंगवळणी पडत नाही.

आमच्या चिपळूणसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट आहे. शहरातून वाशिष्ठी वाहते, वरच्या अंगाला कोळकेवाडीचे धरण आहे आणि जवळच लोट्याला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. पुराचा इशारा मिळाला तर उंचावर जायचे असते. वायुगळती झाली तर दारे-खिडक्या बंद करून आत थांबायचे की वाऱ्याची दिशा सोडून बाजूला निघायचे, हे त्या वायूवर आणि अंतरावर ठरते. धोका वेगळा तशी कृतीही वेगळी. आवाज ऐकल्यावर ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न पडला, तर पहिली मोलाची मिनिटे त्यातच जातात.

अशा गोंधळाचा धोका किती खरा आहे, हे हवाई बेटांवर दिसले. तिथे दर महिन्याला भोंग्यांची चाचणी होते. तरीही ८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरील लाहाइना शहर वणव्यात जळाले, तेव्हा भोंगे वाजवले गेले नाहीत. भोंगा म्हणजे त्सुनामी असे लोकांच्या मनात बसले आहे, त्यामुळे ते डोंगराकडे म्हणजे आगीच्या दिशेने धावतील, असे कारण तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी दिले आणि नंतर पदाचा राजीनामा दिला. शंभरावर माणसे गेली. भोंगे सर्व प्रकारच्या आपत्तींसाठी आहेत, असे सरकारी माहितीत नमूद होते. पण कागदावरचा तो अर्थ लोकांपर्यंत पोहोचलेला नाही, याची धास्ती खुद्द अधिकाऱ्यांनाच होती. नियमित चाचणी आवश्यक आहेच, पण चाचणीसोबत अर्थ पोहोचला नाही तर ती अपुरी पडते.

दुसरा प्रश्न भोंगा वाजवण्याचा निर्णय कोण घेतो, हा आहे. १९८४ साली भोपाळच्या वायुगळतीत, २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कारखान्याचा जाहीर भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. बाहेरची वस्ती पूर्ण जागी होईपर्यंत वायू घराघरांत शिरला होता. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या एल. जी. पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरिन वायू पसरला आणि १२ जणांचा बळी गेला. तिथे भोंग्याची सोय असूनही तो वाजवला गेला नाही, असे आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने नोंदवले. दोन्ही ठिकाणी भोंगा होता. तो वाजवण्याचा किंवा वाजवत ठेवण्याचा निर्णय मात्र झाला नाही. म्हणून रात्री दोन वाजता वरिष्ठांचा फोन लागला नाही तर कळ कोण दाबेल, हेही चाचणीत तपासले गेले पाहिजे.

मी काही नवे मागत नाही. घातक रसायनांसंबंधीच्या १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार कारखान्याच्या आतील आपत्कालीन आराखड्याचा सराव दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या वस्तीसाठीच्या आराखड्याचा सराव वर्षातून किमान एकदा व्हायला हवा. धोक्याची माहिती परिसरातील लोकांना देण्याचे बंधन कारखाने कायद्यात १९८७मध्येच आले. धरण सुरक्षा कायदा, २०२१ नुसार मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा आणि पुराची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक आहे. या तरतुदींचा गाभा बाहेरचा माणूस हा आहे. पण सराव कारखान्याच्या फाटकाच्या आत आटोपतो आणि अहवाल फाइलमध्ये जातो. फाटकाबाहेरच्या टपरीवाल्याला, शेजारच्या शाळेला, चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला त्याची गंधवार्ता नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की वारंवार भोंगा वाजवला तर लोक घाबरतील किंवा पुढे दुर्लक्ष करतील. चेक प्रजासत्ताकात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजतात. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभर चाचणी होते. तारीख आणि वेळ सर्वांना ठाऊक असल्याने कुणी घाबरत नाही आणि वेळ सोडून भोंगा वाजला तर तो खरा आहे, हे लगेच ओळखता येते. दूर कशाला, सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की मुभा. आवाज, वेळ आणि कृती एकत्र ठरली की अख्खे गाव ती पाळू शकते, हे महाराष्ट्रातल्याच एका गावाने दाखवले आहे.

दुसरा आक्षेप असा की आता मोबाईलवर इशारा येतो, भोंगा हवाच कशाला? मोबाईलचा इशारा उपयुक्त आहे आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर तो अत्यावश्यक आहे. पण २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणची वीज गेली आणि मोबाईल सेवाही कोलमडली. त्या दिवशी संदेश पोहोचणार कसा? शिवाय २०२३मध्ये दूरसंचार विभागाने मोबाईलवर पाठवलेल्या चाचणी संदेशात, याकडे दुर्लक्ष करा, तुम्हाला काही करायचे नाही, असे लिहिले होते. गैरसमज टाळण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण खरा इशारा आला तर काय करावे, याची एक ओळ त्यात असती तर लाखो लोक त्याच क्षणी काही शिकले असते.

चाचणी फसली तर नाचक्की होईल, ही भीती प्रशासनाने सोडावी. १० सप्टेंबर २०२० रोजी जर्मनीत देशव्यापी इशारा दिन झाला. मोबाईल ॲपवरील सूचना अर्धा तास उशिरा पोहोचल्या आणि चाचणी फसल्याचे तिथल्या गृहमंत्रालयाने जाहीरपणे मान्य केले. दुरुस्ती मात्र रेंगाळली. जुलै २०२१मध्ये, चिपळूण बुडाले त्याच्या आठवडाभर आधी, जर्मनीत आलेल्या पुरात १८०हून अधिक लोक गेले आणि इशारा वेळेवर का पोहोचला नाही, हा प्रश्न देशभर विचारला गेला. फसलेली चाचणी आधी मिळालेली सूचना असते. ती दडपणे किंवा तिच्यावर काम न करणे, दोन्ही सारखेच महागात पडते.

म्हणून जिल्हाधिकारी, पाटबंधारे विभाग, एमआयडीसी आणि नगरपरिषदा यांच्याकडे माझ्या चार मागण्या आहेत. जिल्ह्यातील सर्व भोंग्यांची चाचणी दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी व्हावी. पूर, धरणाचा विसर्ग आणि वायुगळती यांसाठी वेगवेगळे आवाज ठरवावेत, भोंग्यामागोमाग मराठी आणि हिंदीत घोषणा व्हावी, आणि आवाजांचे अर्थ घंटागाडीवरून, रेशन दुकानात व शाळेच्या फलकावर सतत सांगितले जावेत. कोणता भोंगा वाजला, कोणता बंद होता, आवाज कुठे पोहोचला नाही आणि वीज नसताना काय झाले, हा निकाल ग्रामसभेत आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध व्हावा. भोंगा वाजवण्याचा अधिकार चोवीस तास हजर असलेल्या पदाकडे लेखी द्यावा आणि सद्हेतूने वाजवलेल्या भोंग्याबद्दल त्या कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी हमी द्यावी.

या मागण्यांतील बहुतेकांना खर्च नगण्य आहे. वाचकांनाही विनंती आहे की येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत एकच प्रश्न लेखी विचारा: आपल्या भागातील भोंग्याची शेवटची चाचणी कोणत्या तारखेला झाली आणि तो वाजला तर आम्ही कुठे जायचे? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

— एक वाचक, चिपळूण (जि. रत्नागिरी)