किल्ल्यापुरती माती

दिवाळी आली की वर्तमानपत्रांतून एक हळहळ हमखास छापून येते. हल्लीची मुले किल्ला करीत नाहीत, त्यांना मोबाइल पुरतो, आमच्या वेळची गंमत यांना काय कळणार, वगैरे वगैरे. या हळहळीला मी मनापासून कंटाळलो आहे. मुलांना दोष देणारांनी आधी एवढेच सांगावे की किल्ला करायचा कुठे आणि कशाचा? मातीचा किल्ला करायला माती लागते. आमच्या इमारतीच्या आवारात ती औषधालाही नाही. वर सिमेंटचे ठोकळे बसवलेले, खाली तळघरात मोटारी उभ्या. माती हवी असेल तर ती रोपवाटिकेतून पिशवीने विकत आणावी लागते, आणि त्या भावात बाजारात तयार सिंहगड मिळतो. प्लास्टरचा, रंगवलेला, बुरुजावर झेंडा चिकटवलेला. मुलांना किल्ला अजून हवा असतो. हळीव पेरायला विसरली ती मुले नव्हेत. त्यांच्या पायाखालची माती काढून घेतली गेली. आणि ती काही चोरांनी रात्री नेली नाही. नकाशे काढून, ठराव मांडून, शिक्के मारून, दिवसाढवळ्या नेली.

नगररचनेसारखा रुक्ष विषय सणाच्या अंकात नको, असे संपादकांनी हळूच सुचवून पाहिले. मला वाटते, याच अंकात तो हवा. एरवी घरातली चार माणसे चार दिशांना असतात. फराळाच्या ताटांभोवती ती एकत्र बसली आहेत तोवर घराचीच गोष्ट काढलेली बरी.

नगररचना ही मुळात हवेची आणि उजेडाची गोष्ट. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीच्या वस्तीत प्लेग शिरला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि बघता बघता शहर ओस पडले. जिथे हवा शिरत नाही तिथे मरण शिरते, हे राज्यकर्त्यांना तेव्हा कळले. निदान व्यापार बुडाल्यावर तरी कळले! १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाटीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याला घरांच्या आधी रस्ते आणि बागा आखल्या. त्या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, हा आरोपही खरा आहे. तरी बांधल्या त्या बी. आय. टी. चाळी सार्वजनिक पैशाने बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड वीसएक वर्षे होते. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. त्याची युक्ती साधी होती. सगळ्या जमीनमालकांनी आपापल्या तुकड्यातला थोडा भाग सोडायचा, त्यातून रस्ता, शाळा, मैदान निघायचे, आणि उरलेली जमीन चौकोनी होऊन परत मिळायची. १९२५ साली खुले झालेले शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचे आहे. आज एवढी मोकळी जागा कोणा पालिकेच्या हाती लागली, तर ती तिथे मैदान ठेवील काय, याचे उत्तर वाचकांनीच आपल्या मनाशी द्यावे.

पुढे १९५४ च्या कायद्याने गावाच्या विकास आराखड्याची पद्धत रुळली, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने ती पक्की केली. आराखडा म्हणजे रंगीत नकाशा. इथे राहावे, इथे दुकाने असावीत, इथे कारखाने, आणि ही हिरवी जागा मुलांची. त्याच्या जोडीला चटईक्षेत्राचा निर्देशांक आला. जमीन हजार फूट असली तर तिच्यावर सगळे मजले मिळून किती फूट बांधायचे, याची ती मर्यादा. तिच्यामागचा हिशेब घरातल्या बाईला ताबडतोब कळावा असा आहे. नळाला पाणी किती येते, त्यावर पंगत किती जणांची बसवायची ते ठरते.

आणि नेमकी हीच मर्यादा आज आपल्या पालिका विकायला बसल्या आहेत. माझे सारे भांडण आहे ते एवढ्या एका गोष्टीशी. मुंबई व आणखी काही मोजकी क्षेत्रे वगळून साऱ्या राज्याला लागू झालेली डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली उघडून पाहा. मोठ्या शहरात मूळ निर्देशांक १.१०. मग अधिमूल्य भरा, आणखी मिळेल. टीडीआर विकत आणा, आणखी मिळेल. या सगळ्यावर पुन्हा जिने, सज्जे, मार्गिका यांच्या नावाने निवासी इमारतीला साठ टक्क्यांपर्यंत जादा, अर्थात पैसे भरून. रस्ता जितका रुंद तितकी इमारत उंच. म्हणून मग रस्तेही इमारतींच्या सोयीने रुंद होतात! २०२० साली पुण्याच्या स्थायी समितीत सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटरचे करण्याचा विषय आला, त्याच्या मुळाशी नऊ मीटरखालच्या रस्त्यावर टीडीआर चालत नाही, हीच अडचण होती. रस्ता माणसांच्या चालण्यासाठी असतो, असे आम्हाला मराठी दुसरीत शिकवले होते.

पालिका असे का वागतात, हे समजून घेतल्याशिवाय नुसते रागावण्यात अर्थ नाही. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक उभे राहत, भ्रष्टाचारही होई, पण पैसा रोज येई आणि तो पालिकेचा स्वतःचा असे. इतर शहरांतून ती आधीच टप्प्याटप्प्याने गेली, मुंबईतून जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर गेली. आता शासन भरपाई देईल तेव्हा घ्यायची. मालमत्ता कर वाढवायचा तर मतदार रुसतात. उरले काय? बांधकामाची परवानगी! ज्या संस्थेने दाटी रोखायची, तिचेच पोट दाटीवर भरू लागले. दारूबंदी खात्याला गुत्त्याच्या नफ्यात वाटा दिला तर बंदी जशी होईल, तशी ही नगररचना. बरे, विक्री तरी चोख भावाने? जानेवारी २०२१ मध्ये शासनाने बांधकामाच्या अधिमूल्यात एकदम निम्मी सूट जाहीर केली. अट एवढीच की गिऱ्हाइकाचे मुद्रांक शुल्क बांधणाऱ्याने भरावे. दिवाळीतही कापडवाला इतका उदार होत नाही.

आता माझ्या गावची हकीगत. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. वाचकांनी आपल्या गावाचे घातले तरी बिघडणार नाही. आमच्या घरापासून शंभर पावलांवर एक मोकळा तुकडा होता. एका टोकाला चिंच, दुसऱ्या टोकाला पडकी विहीर. आराखड्यात तो क्रीडांगणासाठी राखून ठेवलेला. मुलांनी काही आराखडा पाहिला नव्हता. ती आपली तिथे वर्षानुवर्षे खेळत होती, आणि दिवाळीत त्याच तुकड्यातली माती टोपल्यांनी घरोघर जात होती. एके दिवशी पत्र्याचे कुंपण पडले. मी पालिकेत गेलो. नगररचनेच्या खोलीत तीन टेबले, एक माणूस. तरुण होता, सभ्य होता.

"काका, ते आरक्षण व्यपगत झालं."

"म्हणजे काय झालं, साहेब?"

"म्हणजे संपलं. कलम १२७."

कायदा असा आहे. आराखडा अमलात आल्यावर दहा वर्षांत राखीव जमीन पालिकेने ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. त्या नोटिशीनंतर पालिकेला पूर्वी सहा महिने मिळत, मग बारा झाले, २०१५ पासून चोवीस आहेत. तेवढ्यातही ताबा घेण्याची पावले पडली नाहीत, की आरक्षण आपोआप गळून पडते. मी मालकाला नावे ठेवीत नाही. ज्याची जमीन नकाशात हिरवी रंगवून दहा वर्षे अडकवून ठेवली आणि पैसा दिला नाही, त्याने नोटीस का देऊ नये? पण ती नोटीस हाती घेऊन पालिका दोन वर्षे काय करीत होती? त्या तरुणाने फाईल काढून दाखवली. आत एकच ओळ कामाची होती: निधी उपलब्ध नाही. त्या दोन वर्षांत आमच्या रस्त्याला दोन स्वागतकमानी आल्या, आणि चौकात एक कारंजे आले. ते उद्घाटनाच्या दिवशी उडाले.

त्या जागी आता चौदा मजले आहेत. तिथल्या माणसांशी माझे भांडण नाही. आमच्यासारखीच कर्ज काढून आलेली आहेत. पण ती आली तेव्हा त्यांच्यासाठी नवी जलवाहिनी आली नाही, शाळेला नवी खोली आली नाही, आणि त्यांची मुले ज्या मैदानावर खेळली असती, त्याच मैदानावर त्यांची घरे आहेत. केंद्र शासनाच्या मार्गदर्शिकेत शहरी माणसाला दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईत ती दोन मीटरही नीट भरत नाही. दोन चौरस मीटर म्हणजे एक बाज. सबंध आयुष्यात मुंबईकराच्या वाट्याला आभाळाखाली येणारी जागा ती एवढी. आणि बाजेवर किल्ला होत नाही.

मोठे उदाहरण हवे असेल तर गिरणगावाकडे पाहा. सुमारे सहाशे एकर जमीन, अठ्ठावन्न गिरण्या. १९९१ च्या नियमावलीतल्या कलम ५८ प्रमाणे तिचे ढोबळ मानाने तीन वाटे व्हायचे होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियमात थोडीशी दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते गिरणीच्या सबंध जमिनीचे नव्हेत, मुळात रिकामी होती तेवढ्याच तुकड्याचे. गिरण्या काही माळावर बांधलेल्या नव्हत्या. रिकामे असणार ते किती? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकर गेले. शतकात एकदा येणारी संधी होती ती. तिथले मॉल आज दिवाळीत फार सुंदर सजवतात, असे ऐकतो.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो खोटा नाही. तुम्हाला मैदाने हवीत. मग माणसांनी राहायचे कुठे? बी. डी. डी. चाळींत १६० फुटांच्या खोलीत, मजल्यावरच्या सामाईक संडासाला रांग लावून, लोकांच्या तीन पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. पुनर्विकास नको असे म्हणणारा माणूस बहुधा कधी चाळीत राहिलेला नसतो. पण हाच प्रश्न उलटून विचारतो. एवढे मजले चढले, ते कोणासाठी? आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईला त्या चौदा मजल्यांत एक खोली भाड्याने मिळते काय? ज्या सफाई कामगाराच्या जिवावर शहर जगते, त्याला? त्यांच्यासाठी घरे बांधणे हे शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही सुचले होते. स्वराज्यातली पालिका मात्र घरे बांधत नाही; ती घरे बांधणाऱ्याला फुटे विकते. तेव्हा "मैदान की घर" हा तंटाच बनावट आहे. गरिबाच्या घराच्या नावाने मैदान घेतले जाते आणि तिथे घर होते ते तिसऱ्याचेच.

माझी मागणी फार मोठी नाही. जादा चटईक्षेत्र विकून जो पैसा येतो, तो वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्यातून त्याच प्रभागातल्या राखीव जागा आधी ताब्यात घ्याव्यात. नोटिशीला "निधी नाही" हे उत्तर देण्याचा अधिकार पालिकेला असू नये. आणि आराखडा मराठीत, माणसाला वाचता येईल अशा मापाचा, प्रत्येक प्रभागात भिंतीवर कायम लावलेला असावा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हे नगरपालिकेच्या कामांच्या यादीत पहिले घातले, वॉर्ड समित्या सांगितल्या. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभांची तरतूद केली. आमच्या प्रभागात अशी सभा भरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मुंबई महापालिकेची तर मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ एकही नगरसेवक नसताना कारभार चालला. घराच्या वाटण्या होतात आणि घरचेच कोणी बोलावलेले नाही, असा हा प्रकार.

लोकांना यातले काही कळत नाही, असे अधिकारी म्हणतात. हे साफ खोटे आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा नवा मसुदा प्रसिद्ध झाला. कुठे उभ्या इमारतीतून रस्ता काढलेला, कुठे वारसा असलेली वास्तूच नकाशावरून गायब, काही ठिकाणी चटईक्षेत्र आठपर्यंत नेलेले. लोकांनी आपापले घर नकाशावर शोधले, चुका दाखवल्या, हरकतींचे ढीग लावले, आणि एप्रिलात तो मसुदा शासनाला मागे घ्यावा लागला. नकाशा वाचणारांत निवृत्त मास्तर होते, गृहिणी होत्या, कोळीवाड्यांतले आणि गावठाणांतले लोक होते. त्यांना कोणी नगररचनेचे शिक्षण दिले नव्हते.

आमच्या गावचा सुधारित आराखडाही आता तयार होत आला आहे असे कळते. नोटीस कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि हरवलेल्या भागप्रमाणपत्रांच्या मध्ये येईल, आणि हरकतीला दिवस मोजके मिळतील. पलीकडच्या गल्लीत एक शेवटचा मोकळा तुकडा राहिला आहे. तिथे या वर्षी मुलांनी सबंध राजगड केला आहे, सुवेळा माचीसकट. मी अर्ज लिहून तयार ठेवला आहे. शेजारच्या बारा घरांच्या सह्याही झाल्या आहेत; भूखंडाच्या क्रमांकाची जागा तेवढी रिकामी आहे, ती नकाशा बाहेर आला की भरायची.