अनुदानाआधी ग्राहक

कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडी भागात ‘कडलेकायी परिषे’ म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. दोड्ड बसवण्णाच्या मंदिराजवळच्या रस्त्यांवर नव्या हंगामातील शेंगांचे ढीग लागतात. पूर्वी या परिसरात भुईमुगाची शेते होती. उभे पीक खाणाऱ्या बैलाला शांत करण्यासाठी शेतकऱ्यांनी पहिले पीक नंदीला अर्पण करण्याचा नेम केला, अशी आख्यायिका आहे. आज तेथे शेते उरलेली नाहीत. शेंगा मात्र कर्नाटकाबरोबरच आंध्र प्रदेश व तामिळनाडूतूनही येतात आणि ताज्या, भाजलेल्या व उकडलेल्या अशा विकल्या जातात.

येथे विक्रेत्याला ग्राहक समोरासमोर भेटतो. कोणता दाणा पसंत पडतो, कोणती भाजणी चालते, किती भाव मिळतो, हे त्याच दिवशी कळते. कोणत्याही अनुदानातून हे ज्ञान मिळत नाही. तरीही ग्रामीण नवउद्यमींची पहिली चौकशी बहुधा ‘अनुदान किती टक्के?’ हीच असते. हा क्रम बदलणे आवश्यक आहे.

प्रत्येक योजना उद्योगाच्या एका विशिष्ट टप्प्यासाठी आखलेली असते. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ कार्यक्रमात संकल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख व बीज टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत संकल्पना सिद्ध करणे, नमुना तयार करणे व चाचण्या यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. बाजारप्रवेशासाठीचे ५० लाखांपर्यंतचे साहाय्य मात्र कर्ज वा परिवर्तनीय रोख्यांच्या स्वरूपाचे आहे. शिवाय हा निधी इमारतीसारख्या सुविधा उभारण्यासाठी वापरता येत नाही. शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिनची तपासणी, टिकवण क्षमता व वेष्टन यांवरील खर्चाला असा निधी उपयुक्त ठरेल. शेड बांधण्यासाठी तो नाही.

भाजणी यंत्र वा तेलघाणा घ्यावयाचा असेल, तर २०२० ची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना अधिक जवळची आहे. तीत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जसंलग्न अनुदान मिळते. किमान १० टक्के वाटा अर्जदाराचा असतो. ही रक्कम सुरुवातीलाच हाती पडत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता वितरित झाल्यावर तीन वर्षांनी खाते नियमित व उद्योग चालू असेल, तरच ती कर्जखात्यात समायोजित होते. म्हणजेच यंत्र आले, पण विक्री झाली नाही, तर उद्योजकावर कर्ज राहते आणि अनुदानही दुरावते.

धोरणातही एक उणीव आहे. नवउद्यम म्हणून मान्यता मिळण्यासाठी कंपनी, भागीदारी संस्था यांसारखी नोंदणीकृत रचना लागते. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय त्यात बसत नाही. गावातील प्रक्रियाउद्योगाची सुरुवात मात्र बहुधा घरातूनच होते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचतगटाच्या सदस्याला खेळते भांडवल व लहान अवजारांसाठी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकते. वैयक्तिक शेतकऱ्यालाही केवळ चाचणी-विक्रीसाठी असाच छोटा निधी कृषी विज्ञान केंद्रांमार्फत मिळावा. त्यात एखादा प्रयोग फसला, तरी होणारे नुकसान बुडीत कर्जापेक्षा कितीतरी कमी असेल.

तोपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी मोठी आहे. अर्ज भरून देण्यापूर्वी त्यांनी उद्योजकाला उपलब्ध साधनांवर थोडा माल तयार करण्यास, आवश्यक अन्नसुरक्षा नोंदणी करून तो एका हंगामात आठवडी बाजारात वा जत्रेत विकण्यास सांगावे. दुसऱ्यांदा परत आलेले ग्राहक, प्रत्यक्ष मिळालेला भाव आणि न विकलेला माल यांची वही ठेवावी. त्यानंतर जिल्हा संसाधन व्यक्तीकडून योजनेची चालू स्थिती व निकष तपासून प्रकल्प अहवाल करावा. त्या वहीतील आकड्यांवर उभा राहिलेला अहवाल बँकेलाही पटतो आणि अनुदान मिळण्यास विलंब झाला, तरी उद्योग तग धरतो.