कायदा आणि आपण : भाची संकुलात आहे, घरी आणता येईल का?

भगिनींनो, यावेळी कोल्हापूरच्याच एका वाचक भगिनीचे पत्र घेतले आहे. नणंद वारली, तिचा नवरा दारू पितो. आठ वर्षांची मुलगी शाळा सोडून घरचे सगळे करायची, वर मारही खायची. शेजारच्यांनी १०९८ वर फोन केला आणि पोर बालकल्याण संकुलात गेली. सासूबाई म्हणतात, ‘रिमांड होमात गेली, घराण्याची अब्रू गेली!’ आणि ही मामी विचारते, मला तिला आणता येईल का?

येईल. पण आधी सासूबाईंना सांगा, गुन्हा केलेली मुले वेगळी आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेली वेगळी, असे २०१५ चा बालन्याय कायदाच सांगतो. तुमच्या भाचीने काहीच केलेले नाही. अब्रूचा प्रश्न असेलच, तर तो मारणाऱ्याच्या.

निर्णय देते जिल्ह्याची बालकल्याण समिती. अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. आणि अधिकार मॅजिस्ट्रेटचे. चौकशीचा अहवाल १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असा नियम आहे. तेव्हा थांबू नका. आजच अर्ज लिहा. सोबत रेशन कार्ड, आधार, नणंदेच्या मृत्यूचा दाखला जोडा. यजमानांना बरोबर न्याच; रक्ताचे मामा तेच. चौकशीला माणूस घरी येईल तेव्हा उसनी भांडी मांडून ठेवू नका. पोर कुठे झोपेल, कुठल्या शाळेत जाईल, घरातल्यांना ती हवी आहे का, हे त्याला बघायचे असते. मुलीलाही विचारतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे कायद्याचे तत्त्वच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०१७ च्या निकालात संस्थेऐवजी कुटुंबाच्या पर्यायाचा गंभीरपणे विचार करा, असे सांगितले.

एक मात्र करू नका. बापाकडून स्टँपपेपरवर ‘मुलगी दिली’ असे लिहून घेऊन प्रकरण मिटले समजू नका. मूल कुणाकडे राहील ते समितीच ठरवते. शिवाय बापाचे नाते संपत नाही. उद्या त्याची दारू सुटली, तर तो मुलगी परत मागू शकतो. तुमचा जीव तिच्यात गुंतल्यावर हे जड जाईल, म्हणून आधीच सांगते. आणि हो, घरात कामाला एक हात वाढेल असा हिशेब कुणाच्या मनात असेल, तर तिला आहे तिथेच राहू द्या!

खर्चाची काळजी असेल तर राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. त्यात मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. तोवर भेटीची परवानगी समितीकडून मागून घ्या, आणि जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या. आजीला बघून पोर काय म्हणते ते त्यांनाही ऐकू दे.