परदेशी कर्जातून डीपी आले, आता वाचवलेल्या युनिटचे पैसेही येऊ द्या



आशियाई विकास बँकेचं नाव आपल्या पारावर सहसा निघत नाही. पण राज्यातल्या शेतीच्या विजेत या बँकेचा मोठा पैसा आहे. २०२० मध्ये तिनं महाराष्ट्राच्या ग्रामीण वीज वितरणासाठी ३४.६ कोटी डॉलर्सचं कर्ज दिलं, उच्चदाब प्रणालीसाठी. म्हणजे पंधरा-वीस मोटारींच्या एका मोठ्या डीपीऐवजी एक-दोन मोटारींना एक छोटा डीपी. लघुदाबाच्या लांबलचक तारा गेल्या की गळती घटते, आकडा टाकायला जागा राहत नाही, मोटारीही कमी जळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ५० कोटी डॉलर्सचा करार झाला, शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठी.

मी या पैशाच्या विरोधात नाही. रात्री बिबट्याच्या धास्तीत उसाला दारं धरणाऱ्याला दिवसाच्या लाईटची किंमत सांगावी लागत नाही. पण याला मदत म्हणत असले तरी हे कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं. म्हणून त्यातून नक्की काय वाचतं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

परदेशी मदत आणि वीज हे नातं आपल्या भागाला नवं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकी मदतीनं आणि सल्ल्यानं देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. शेजारच्या गावांत, वस्त्यांवर वीज पोचवण्यात तिचा मोठा वाटा होता. पण शेतीपंपांचं बिल हॉर्सपॉवरवर निघत राहिलं. घेतलेली वीज आणि वसूल झालेला पैसा यांचा मेळ बसला नाही. महावितरणच्या हिशेबानं थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली, आणि २०११ मध्ये परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडं गेलं. बाहेरच्या मदतीनं खांब उभे राहतात, पण मोजमाप नसेल तर संस्था उभी राहत नाही, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नाही.

आता आजचं पाहू. एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, हे खरंच. पण बिल शून्य असताना महागडी स्टारवाली मोटार कोण घेणार? जुनी मोटार जळाली की पुन्हा वायंडिंग करायचं आणि सोडायची विहिरीत. वीज जास्त खाल्ली तरी खिशाला कळत नाही. वर ऑटोस्विच लावलेला, लाईट आली की मोटार चालू, पाणी हवं असो वा नसो. मुळा उजव्या कालव्याचं आवर्तन लांबलं की विहिरी-बोअर उपसायचे, आणि उन्हाळ्यात तळ दिसला की आणखी खोल जायचं. म्हणजे वीज फुकट आणि पाणी महाग, अशी गत.

पंप बदलून बचत होते, हे आपल्याच राज्यात दिसलंय. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला प्रायोगिक प्रकल्पात २,२०९ जुने पंप बदलून कमी वीज खाणारे पंप बसवले गेले होते. तो प्रयोग राज्यभर का गेला नाही? माझ्या मते साधं कारण आहे : शेतकऱ्याच्या पदरात बचतीतलं काही पडत नाही.

पंजाबातही शेतीची वीज मोफत. तिथं २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्यानं 'पाणी बचाओ, पैसा कमाओ' ही योजना सुरू झाली. ज्यानं आपणहून भाग घेतला, त्याच्या मोटारीला मीटर आणि ठरावीक युनिटचा कोटा. कोट्यातलं जेवढं वाचेल, त्याचे युनिटमागं चार रुपये थेट खात्यात. कोटा ओलांडला तरी बिल नाही.

आपल्याकडं हे का नको? डीपी आणि सबस्टेशनसाठी एवढं कर्ज घेतोच आहोत, तर त्यातला थोडा वाटा याला द्या. एखाद्या फिडरवर, ज्यांची तयारी आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे, उसाला किती पाणी आणि त्याला किती युनिट, हा हिशेब त्यांनी मांडावा.

"मीटर बसलं की उद्या बिल येईल," ही भीती मला ठाऊक आहे, आणि ती बिनबुडाची नाही. म्हणून सरकारनं आधी लेखी द्यावं : हे मीटर बक्षिसासाठी, वसुलीसाठी नाही. हा कागद हातात आल्याशिवाय कुणी सही करू नये.

येत्या ग्रामसभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, आपल्या प्रत्येक फिडरवर महिन्याला किती युनिट येतात आणि किती गळतात, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावं. दुसरा, वाचवलेल्या युनिटचे पैसे देण्याचा प्रयोग सोनईत व्हावा.

पटत असेल तर हात वर करायला या. पटत नसेल तर विरोध करायला या, पण या. कर्ज फेडायचंय ते शेवटी आपल्याच पोरांना.