विश्लेषण : पोकरच्या शेवटच्या दोघांत जिंकते कोण, कौशल्य की नशीब?

जून २०२५ मध्ये धाराशिव तालुक्यातील एका तरुण कुटुंबाच्या मृत्यूने जिल्हा हादरला. ऑनलाइन रमीतून झालेले कर्ज हे त्यामागचे कारण असल्याचे तेव्हा बातम्यांत सांगण्यात आले. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. रमी आणि पोकर चालवणाऱ्या कंपन्यांचा बचाव कायम एकच राहिला : हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. हा दावा तपासायचा असेल तर पोकर स्पर्धेचा शेवट पाहावा. कौशल्याला भरपूर वाव असतो, तो तिथेच.

‘हेड्स-अप’ म्हणजे काय?

पोकर स्पर्धेत प्रत्येकाला सारखीच चिप्स मिळतात. चिप्स संपली की खेळाडू बाद. शेवटी दोघेच उरतात, त्या लढतीला ‘हेड्स-अप’ म्हणतात. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पाने असतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात. प्रत्येक डावाआधी दोन खेळाडूंना सक्तीची पैज लावावी लागते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. एक लहान, एक मोठी. टेबलावर नऊ जण असतील तर ही वेळ नऊ डावांत दोनदाच येते. दोघेच उरले की ती प्रत्येक डावाला येते. चांगल्या पानांची वाट पाहत बसणारा खेळाडू इथे बसल्या जागी संपतो.

डावपेच कसे बदलतात?

समोर एकच प्रतिस्पर्धी असल्याने साध्या पानांचीही किंमत वाढते. राणी-सत्ती ही जोडी नऊ जणांत फेकून द्यावी अशी. पण एकाच अनोळखी हातासमोर ती निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकते. दुसरा मुद्दा जागेचा. डीलरच्या जागेवरचा खेळाडू लहान ब्लाइंड भरतो आणि टेबलावरची पाने उघडू लागल्यावर दर वेळी शेवटी बोलतो. समोरच्याची चाल पाहून निर्णय घेता येत असल्याने जाणकार या जागेवरून बहुतेक हात खेळतात. चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या दहापटीच्या आसपास उरली, की दोनच पर्याय राहतात : सगळी चिप्स पुढे ढकलायची किंवा पाने टाकायची. गणितानुसार अशा वेळी डीलरच्या जागेवरून निम्म्याहून अधिक हातांवर सगळे लावणेच योग्य ठरते.

बक्षिसाचा हिशेबही सोपा होतो. समजा, पहिले बक्षीस एक लाखाचे आणि दुसरे साठ हजारांचे आहे. दोघांचेही साठ हजार पक्के झालेले असतात. लढत असते ती उरलेल्या चाळीस हजारांसाठी. ज्याच्याकडे ६० टक्के चिप्स आहेत, त्याचा वाजवी वाटा ८४ हजारांचा, दुसऱ्याचा ७६ हजारांचा. पराभवाच्या भीतीने घाबरून खेळण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

मग कौशल्य कुठे कमी पडते?

सगळे लावल्यानंतर निर्णय पानांच्या हाती जातो. दश्शीची जोडी विरुद्ध एक्का-राजा हा सामना साधारण ५५-४५ असा असतो. दोन एक्केदेखील सत्ती-दुर्रीकडून आठांत एकदा हरतात. कौशल्य शक्यता आपल्या बाजूला झुकवते, निकाल ठरवत नाही.

ते सिद्ध व्हायला किती डाव लागतात, हे २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे दिसले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्राटस’ हा संगणकीय कार्यक्रम चार नामवंत व्यावसायिक खेळाडूंशी हेड्स-अप खेळला आणि जिंकला. हा विजय नशिबाचा नाही, असे ठामपणे म्हणता यावे म्हणून २० दिवसांत १ लाख २० हजार डाव खेळवण्यात आले. स्पर्धेच्या शेवटी दोघांच्या वाट्याला मात्र अनेकदा काही डझन डावच येतात. तेवढ्यावरून कोण सरस, हे कुणालाच सांगता येत नाही.

खरी अडचण इथेच आहे. हरणारा माणूस स्वतःला ‘चांगला खेळतो, पण नशीब रुसले’ असे समजावत राहतो. ते खरे की खोटे, हे कळायला जितके डाव लागतात, तितके त्याच्या खिशाला परवडत नाहीत.

कंपनीचा वाटा किती महत्त्वाचा?

समजा, दोघांनी प्रत्येकी हजार रुपये भरले आणि कंपनीने प्रत्येकाकडून शंभर कापले. विजेत्याला १८०० मिळतात. नुसते बरोबरीत राहण्यासाठीही शंभरपैकी ५६ सामने जिंकावे लागतात. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता, शिवाय निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के करकपात होती. दोन खेळाडूंपैकी एक हरतोच. कंपनी मात्र प्रत्येक सामन्यात कमावते.

जाहिरातींत दिसतो तो विजेता. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा अमेरिकी अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि सॅमी फारहाला हरवून २५ लाख डॉलर जिंकला. शेवटच्या लढतीत हातात काहीही नसताना त्याने सगळी चिप्स लावली आणि सरस पाने असलेल्या फारहाने डाव सोडला. त्या कथेने ऑनलाइन पोकर जगभर पसरवले. त्याच स्पर्धेतील इतर ८३८ जणांची कथा कुणी विकली नाही.

कायदा काय सांगतो?

राज्यातील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पत्तीपासून वेगळा काढला. ऑनलाइन कंपन्यांचा डोलारा या भेदावर उभा होता. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटलेल्या कायद्याने तो भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरातदाराला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याविरुद्धच्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

धाराशिवकरांनी काय लक्षात घ्यावे?

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न तो किती वेळ आणि किती पैशांवर टिकते हा आहे. व्यावसायिक खेळाडू हरण्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढून बसतो. सोयाबीनची पट्टी किंवा पीक कर्जाचा हप्ता मोबाइलवर लावणाऱ्याकडे अशी रक्कम नसते. त्याचा पहिला वाईट आठवडाच शेवटचा ठरतो. बंदीनंतर परदेशातून चालणाऱ्या अ‍ॅपच्या लिंक पुढे येतात, तेव्हा धोका आणखी वाढतो. तिथे पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार?

घरात कुणी या चक्रात अडकले असेल तर त्याला दोष देण्याआधी त्याच्याशी बोलावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत समुपदेशन मिळते. फसवणूक झाली असल्यास १९३० वर तक्रार करता येते. पोकरमध्ये पाने वेळीच टाकणे हेही कौशल्यच मानले जाते. मोबाइल हातात असलेल्या माणसाला ते कौशल्य आज सर्वांत जास्त उपयोगी आहे.