त्रेसष्ट की छत्तीस?

गुरुजी 'त्रेसष्ट' म्हणतात आणि पोर पाटीवर 36 लिहिते. गुरुजी चिडतात. वास्तविक पोराने जसे ऐकले तसेच लिहिलेले असते. आधी 'त्रे', मग 'सष्ट'. मराठीत एकक आधी बोलायचा आणि दशक आधी लिहायचा. ही उलटापालट आपण मोठ्यांनी इतकी पचवली आहे की ती अवघड आहे हेच ध्यानात येत नाही. त्यात एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. पण नव्व्याण्णवला तो नियमही लागू नाही!

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ उठला! थट्टा विधिमंडळापर्यंत पोचली. जुने शब्द काढलेले नाहीत, जोडाक्षरांशी अडखळणाऱ्या मुलांसाठी ही आणखी एक वाट आहे, हे गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना पुन्हापुन्हा सांगावे लागले. कानडी आणि तेलुगू मुले दशक आधी बोलूनच मोजतात. त्यामुळे त्यांचे गणित बुडाल्याचे ऐकिवात नाही. बाजारात 'त्रेसष्ट'च चालते हा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून तो शब्दही यायलाच हवा. माझे म्हणणे एवढेच, की आधी संख्या कळू द्या, नाव मागाहून.

कारण वर्ग एकजिनसी नसतो. कुणाच्या घरी कोरकू बोलतात, कुणाला कमी ऐकू येते, कुणाला आकड्यांची जागाच लक्षात राहत नाही. या शेवटच्या अडचणीलाही 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणून जागा मिळाली. परीक्षेत जादा वेळ देण्याची सोय आहे. चांगलेच आहे, पण दहावीला मिळणारी सवलत दुसरीतच 'ढ' ठरून मागच्या बाकावर गेलेल्या मुलाच्या काय कामाची?

उपाय खर्चिक नाही. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या, त्याला त्या मोजू द्या, मोठ्याने बोलू द्या, मग लिहू द्या. मात्र काड्या साऱ्या वर्गाला द्या. नुसत्या 'कच्च्या' मुलांपुढे ठेवल्या, तर त्या काड्यांचीच त्यांना लाज वाटू लागेल. हुशार म्हणवणाऱ्यांनाही कधी विचारून पाहा, त्रेसष्टमधल्या सहाची किंमत किती? अनेक जण 'सहा' असेच सांगतील.